पिशवीतला हात

त्या ख्रिस्ती मंडळीत कुणाला सेवेसाठी बाहेर पाठवायचं असलं की निवडणूक होत नसे. हात वर करणं नाही, शिफारस नाही, कोण कुणाचा मेहुणा हे बघणं नाही. ज्याची जायची तयारी असेल त्याने आपल्या कोटाचं एक बटण कापायचं आणि निळ्या कापडी पिशवीत टाकायचं. मग सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना करायची आणि एका माणसाने पिशवीत हात घालून जे पहिलं हाताला लागेल ते बटण बाहेर काढायचं. कोटांवरच्या उरलेल्या बटणांशी ते ताडून बघायचं. ज्याचं बटण, तो निघाला. पाळक म्हणत, माणसाने मत दिलं की त्याचं मन आड येतं, बटणाला मन नसतं.

ते खरंच होतं. पण बोटांना मन असतं, ही गोष्ट काही पाळकांच्या ध्यानात आली नव्हती.

पिशवीत हात घालण्याचा मान शिंपीमास्तरांचा होता. मास्तर म्हणजे धुतल्या तांदळासारखा माणूस. कापडाचा उरलेला तुकडासुद्धा गिऱ्हाइकाला घडी घालून परत करणार. शिंपी असून, असं लोक मुद्दाम म्हणत. उपासनेत पुढच्या बाकावर, खिडकीकडच्या टोकाला त्यांची जागा ठरलेली, आणि ती कुणी घेत नसे. आपण प्रामाणिक आहोत हे मास्तरांना ठाऊक होतं. ठाऊक असणं त्यांना थोडं आवडतही असे, पण तेवढं कुणाला आवडत नाही?

खाली दुकान आणि वर दोन खोल्या, असं त्यांचं घर. बायको जाऊन बराच काळ लोटला होता. थोरली लग्न होऊन दूरच्या शहरात सुखात होती. घरात उरली धाकटी. अंगाने बारीक, चालणं सरळ आणि बोलणं टोचणारं, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. काजं-बटणं तिच्याकडे, इस्त्री तिच्याकडे, आणि खरं सांगायचं तर कटिंगही आता तिचंच सरस होतं. रविवारी दुपारी मात्र ती दुकानात पाऊल टाकत नसे. गावातल्या इस्पितळात जाऊन ती बायकांच्या वॉर्डात सगळ्यांचे केस विंचरून, वेण्या घालून यायची. ज्यांना भेटायला कुणी येत नाही त्यांच्यापासून सुरुवात करायची. संध्याकाळी परत आली की मशीनवर बसून गुणगुणत असे.

मास्तरांची आखणी खडूने मारल्यासारखी स्वच्छ होती. दुकान टाचणीचं. कापडवाल्याचा मधला मुलगा शांत होता, हिशेबाला बरा होता, तो जावई म्हणून इथेच येऊन राहील. आणि आपण म्हातारपणी वरच्या खोलीत खुर्ची टाकून टाचणीच्या हातचा चहा पीत बसू. या आखणीत देवाला जागा नव्हती असं कुणी म्हणू नये. देवाने आशीर्वाद द्यायचा होता, तोही वेळेवर.

तेवढ्यात बेटावरच्या मिशनच्या इस्पितळातून निरोप आला. तिथे दोन वर्षांसाठी मदतीला एक माणूस हवा होता. पडेल ते काम करायचं, चादरी धुण्यापासून रोग्यांना भरवण्यापर्यंत. पाळकांनी उपासनेत सांगितलं, आणि शनिवारी टाचणी जिन्यावरून खाली येत म्हणाली, "बाबा, मी उद्या बटण टाकणार आहे."

"टाक की," मास्तर म्हणाले. "देवाची इच्छा असेल तसं होईल."

पुढच्या बाकावरचा माणूस दुसरं काय म्हणणार? पण हातातल्या पँटची टीप वाकडी गेली ती त्यांनी दोनदा उसवली.

त्या रविवारी पिशवीत तीन बटणं पडली. एक टाचणीचं. एक वायरमनचं, ज्याच्यावर अजून कुणी साधा दिवा लावायचं कामसुद्धा बिनघोर सोपवलं नव्हतं. आणि एक बेकरीवाल्या बाईंचं. त्या दरवेळी बटण टाकत आणि दरवेळी रिकाम्या काजाचा कोट घालून घरी जात. थंडीचे दिवस होते. तिघांचीही कोटाची काळी बटणं, एका मापाची. तुमच्या-आमच्यासारख्याच्या हाताला तीन बटणांत काही फरक कळला नसता.

मास्तरांनी डोळे मिटले. अगदी घट्ट मिटले, त्यात काही लबाडी नव्हती. हात आत गेला आणि पहिलं बटण बोटांना लागलं. त्याच्या भोकांत दोऱ्याचा पुंजका अडकून राहिला होता. दुहेरी दोरा, मेण लावलेला, मुळाशी गुंडाळून घट्ट केलेला. मुलीचं बटण तुटून कुठे पडू नये म्हणून मास्तरांनी स्वतः बसून तसं शिवलं होतं. बोटांनी ते एका क्षणात ओळखलं.

बाहेर कुणीतरी खोकलं. ऑर्गनचा एक सूर लांबत होता.

मास्तरांनी ते बटण सोडलं आणि शेजारचं उचललं.

एवढंच झालं. आमेन म्हणायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. बटण निघालं वायरमनचं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं, तो उभा राहिला आणि परत बसला. बेकरीवाल्या बाई नाक शिंकरून म्हणाल्या, "याही वेळी नाही बाई," आणि सगळ्यांच्या आधी त्याला मिठी मारायला गेल्या. टाचणीने मान खाली घातली होती.

घरी आल्यावर ती कोट काढून मांडीवर घेऊन बसली. कापलेल्या बटणाच्या जागी दुसरं लावत होती. दोरा तोडून म्हणाली, "बाबा, मला अगदी खात्री होती हो. वाटलं होतं, देवच बोलावतोय. माझंच मन बोलत होतं तर."

इथे मास्तरांना बोलता आलं असतं. घरात दोघंच होते, दार लोटलेलं होतं. पण मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाले, "त्याची योजना आपल्यापेक्षा मोठी असते, बाळ. आपण मान तुकवायची."

तिने खरोखर मान तुकवली. आणि मास्तरांना त्या घटकेपासून स्वतःची लाज वाटायला लागली, ती काही केल्या जाईना.

वायरमन बेटावर गेला. मास्तरांच्या घरात सगळं आखणीप्रमाणे चाललं होतं. मुलगी घरात होती, दुकान जोरात होतं, चहा वेळेवर वर येत होता. पण तो घशाखाली उतरत नव्हता. टाचणी इस्पितळात जायची हळूहळू बंद झाली. विचारलं तर म्हणे, "तेही माझ्याच मनाचं असेल." गुणगुणणं थांबलं. टोचून बोलणं थांबलं, आणि हे मास्तरांना सगळ्यात वाईट लागलं. पूर्वी ती गिऱ्हाइकासमोर म्हणायची, "बाबा, ही बाही आहे का उशीचा अभ्रा?" आता बाही कशीही झाली तरी म्हणे, "छान आहे."

मास्तरांनी पुढचं बाक सोडलं. खिडकीतून वारं लागतं, असं सांगून मागे, खांबाआड जाऊन बसले. बटण लावायचं काम ते हातात घेईनात. डोळे अधू झाले म्हणाले. डोळे ठणठणीत होते, पण बोटांना कुठलंही बटण लागलं की मेल्याहून मेल्यासारखं होई. प्रार्थनेला बसले की 'तुझी इच्छा' इथपर्यंत येत आणि जीभ टाळ्याला चिकटे. लोक मात्र म्हणत, मास्तर काय नम्र झालेत हो वयोमानाने! ते ऐकून तर त्यांना धरणीने पोटात घ्यावं असं होई.

मग कापडवाल्याकडून विचारणा आली. मास्तरांनी टाचणीला विचारलं, मुलगा तुला कसा वाटतो?

"तुम्हाला बरा वाटतो ना? मग हो म्हणा," ती शांतपणे म्हणाली. "मला काय वाटतं त्याला काय अर्थ आहे? मला वाटतं ते खरं नसतं, बघितलं ना आपण."

मुलीचं बेटावर जाणं आपण अडवलं, एवढंच मास्तर आजवर समजत होते. तिचा आतला कान आपण बंद केला, हे त्यांना आत्ता दिसलं. ही पोरगी आता कुणीही सांगितलं तर कुणाच्याही मागे जाईल आणि त्याला देवाची इच्छा म्हणेल. त्यांनी कापडवाल्याला काहीतरी थाप मारून थांबवलं, पण किती दिवस थांबवणार होते?

दोन वर्षं सरली आणि वायरमन परत आला. आला तो थेट दुकानात, कोट सैल करून घ्यायला. अंगाने भरला होता. मान वर करून बोलत होता.

"मास्तर, तुमच्या हाताने देवाने मला उचललं," तो म्हणाला. "खरं सांगू? त्या दिवशी मी बटण टाकलं ते सगळे बघत होते म्हणून. जायची मुळीच इच्छा नव्हती. पण तिथे जाऊन पहिल्यांदा मी कुणाच्या तरी कामाला आलो. रात्री जनरेटर बंद पडला की सगळे माझं नाव घेऊन हाका मारायचे. मलाच हाका मारायचे, मास्तर!"

मास्तरांचा जीव एकदम भांड्यात पडला. म्हणजे देवाच्या मनात हेच होतं तर! आपला हात त्यानेच फिरवला असेल. यात आपलं पाप ते काय? इतक्या दिवसांनी त्यांनी चहा चवीने प्यायला.

त्याच वेळी टाचणी वायरमनच्या पाठीचं माप घेत होती. तिने विचारलं, "बायकांच्या वॉर्डात केस कोण विंचरतं तिथे?"

"केस? छे, कुणाला वेळ असतो! गुंता झाला की कापून टाकतात."

टाचणीने नुसती मान हलवली आणि खडूची खूण केली. पण तिचा चेहरा मास्तरांनी पाहिला, आणि तो चहा पोटात तसाच कडू झाला. वाकड्या टिपेतूनही देवाने वायरमनचा कोट नीट बेतला, तो त्याचा मोठेपणा होता. टीप मारणारे मास्तरच होते आणि ती त्यांनी जाणूनबुजून वाकडी मारली होती. देवाच्या योजनेआड तोंड लपवायला निघालो होतो, या विचाराने ते आणखी शरमले.

बेटावर आता नवं माणूस जायचं होतं. पिशवी पुन्हा येत्या रविवारी निघणार होती.

"टाकणार ना बटण?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. एकदा विचारलं, त्याने नाही म्हटलं. पुन्हापुन्हा विचारायला मी काय लहान आहे?"

"अगं, पण या वेळी कदाचित..."

"बाबा, तुम्हीच म्हणालात ना, मान तुकवायची."

मास्तरांनी तोंड उघडलं. इतक्यात एक गिऱ्हाईक आत आलं, आणि देवाशपथ, मास्तरांना त्या गिऱ्हाइकाचे पाय धरावेसे वाटले. घाबरट माणसाला गिऱ्हाईक वेळेवरच भेटतं. ते गेल्यावरही मास्तर बोलले नाहीत. उलट टाचणी बाजारात गेल्यावर ते कात्री घेऊन तिच्या कोटापाशी उभे राहिले. बेत सोपा होता. आपणच तिचं बटण कापायचं, गुपचूप पिशवीत टाकायचं आणि रविवारी आपणच ते बरोब्बर ओळखून काढायचं. फिट्टंफाट. कात्रीची पाती दोऱ्याला लागली, तेव्हा त्यांना आपलाच हात दिसला. तोच हात पुन्हा त्याच कामाला निघाला होता. त्यांनी कात्री ठेवली आणि तिथेच कोटाशेजारी जमिनीवर बसकण मारली.

रविवारी पिशवीत दोनच बटणं होती. एक शाळेतल्या बाईंचं आणि एक अर्थातच बेकरीवाल्या बाईंचं. पाळकांनी पिशवी पुढे धरली. सगळ्यांनी डोळे मिटले. वेळ गेला. आणखी वेळ गेला. मग एकेकाने डोळे उघडून पाहिलं, तर मास्तर दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभे होते.

"हा हात पिशवीत घालायच्या लायकीचा नाही," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "मागच्या वेळी पहिलं बटण टाचणीचं लागलं होतं. दोऱ्यावरून मी ओळखलं. मुलगी घरातून जाऊ नये म्हणून ते सोडलं आणि दुसरं काढलं. आणि घरी जाऊन तिला सांगितलं, ही देवाची योजना आहे."

पाळकांनी पिशवी खाली केली. समजूत घालायला ते दोन पावलं पुढे आले आणि अर्ध्या वाटेत थांबले. वायरमनचा चेहरा पडला होता. "म्हणजे मला तुम्ही पाठवलंत, मास्तर?" तो हळूच म्हणाला. "मला वाटलं..." मास्तरांना ते ऐकणं सगळ्यात जड गेलं. एका मुलीवर भागलं नव्हतं, या पोराच्या मुळावरही घाव बसला होता.

बेकरीवाल्या बाई मध्येच म्हणाल्या, "आणि माझ्या बटणाला हात तरी लागला होता का?"

"नाही हो, बाई."

"मग ठीक आहे. निदान मी राहिले ती तुमच्यामुळे नाही."

टाचणी उठून पुढे आली. मास्तर जमिनीकडे बघत होते. तिच्या चपला समोर येऊन थांबल्या तेवढ्या त्यांना दिसल्या.

"जायचं राहिलं त्याचं मला एवढं काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही 'माझी इच्छा नाही' असं म्हटलं असतं, तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित राहिलेही असते तुमच्यासाठी. पण तुम्ही देवाचं नाव सांगितलंत, बाबा. दोन वर्षं मी त्याच्याशी बोलायला भीत होते. वाटायचं, मला त्याचा आवाजच ओळखता येत नाही."

मास्तरांना माफी मागायची होती. पण तो शब्द या गोष्टीला फार तोकडा पडला असता.

टाचणीने हात पुढे केला. "कात्री द्या." शिंप्याच्या खिशात कात्री असतेच. तिने कोटाचं बटण कापलं, भोकांतला दोऱ्याचा धागान् धागा नखाने उपसून काढला आणि बटण पिशवीत टाकलं.

"आता काढणार कोण?" पाळकांनी विचारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मागून वायरमन आला. त्याचे डोळे लाल होते. "मी काढतो," तो म्हणाला. "मला बटणातलं काही कळत नाही. आणि मलाही बघायचंय, देव खरंच काढतो का."

पुन्हा डोळे मिटले गेले. आणि काय सांगावं, मास्तरांना दोन वर्षांत पहिल्यांदा प्रार्थना जमली. प्रभू, मी सगळ्यांसमोर नाक घासलं. आता तिला पाठव. तुझंच ठरलेलं होतं, मीच मोडलं, आता तू जोडून घे. जीभ कुठे अडखळली नाही. मनात तर ते बोटीच्या धक्क्यापर्यंत पोचले होते. तिला जाड अस्तराचा नवा कोट लागेल, बेटावर वारं असतं, गडद रंग बरा. खडू पुन्हा भराभर चालायला लागला होता.

वायरमनने मूठ बाहेर काढून उघडली. पाळकांनी बटण उलटसुलट करून पाहिलं.

"बेकरीवाल्या बाई."

बाईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले.

"नाही!" मास्तर ओरडले. "चुकलं काहीतरी! पुन्हा काढा!"

आणि सगळी मंडळी बघत असताना त्यांचा हात पुढे झाला आणि मनगटापर्यंत पिशवीत गेला. आत बोटं चाचपडायला लागलीसुद्धा.

टाचणीने त्यांचं मनगट धरलं.

"बाबा."

"अगं, पण तुझंच होतं ते! पहिलं तुझंच लागलं होतं हाताला! तुला जायचं होतं..."

"तेव्हा असेल. आता तो नाही म्हणाला." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज सरळ होता. आणि कितीतरी दिवसांनी तो टोचला. "हे 'नाही' त्याचं आहे, बाबा. तेवढं तरी मला त्याच्याकडून ऐकू द्या. हात काढा."

मास्तरांचे कान लाल झाले होते. मागच्या बाकांवरचे लोक नीट दिसावं म्हणून उभे राहिले होते. वायरमन पिशवी धरून थांबला होता. मास्तरांनी हात बाहेर काढला, आणि टाचणी त्यांचं मनगट सोडून बेकरीवाल्या बाईंना मिठी मारायला गेली.